मधलं कुणाचंच नाही

विहीणबाई,

काल दुपारी मी एकटीच तिथे जाऊन बसले. जिना चढून वर गेल्यावर उजव्या हाताचं तेच गोल टेबल, त्यावर तीच फिरती काच. वेटरने सवयीने दोन मेनूकार्डं आणून ठेवली आणि तुमची खुर्ची मागे ओढली. मी म्हटलं, "आज एकच." तर तो म्हणाला, "दुसऱ्या मॅडम येतायत ना मागून? एसटी लेट असेल." मी हो म्हटलं. आयुष्यभर वर्गात उभी राहून पोरांना खोटं बोलू नका म्हणून सांगितलं, पण तुम्ही गेलात हे त्या माणसाला सांगायला माझी जीभ उचलली नाही. त्याने मग दोघींचं सूप आणलं आणि दोन्ही वाडगे मीच संपवले. तुमच्या वाडग्यात लिंबू जास्त पिळलेलं होतं, तुम्हाला लागतं तसं.

आपण काही मैत्रिणी नव्हतो. लोक आता मला धीर द्यायला येतात आणि म्हणतात, "तुमचं किती छान जमायचं." कसलं छान? तुमची सायली माझ्या निखिलला दिलीत, एवढंच आपलं नातं. लग्नात मानपानाच्या साड्यांवरून तुमची जाऊबाई माझ्या नणंदेला काय बोलली आणि माझ्या नणंदेने काय उत्तर दिलं, हे आपण दोघी कधीच विसरलो नव्हतो. तुम्ही मला 'बाई' म्हणायचात, शाळेतल्या बाईंना म्हणतात तसं, आणि मी तुम्हाला विहीणबाई. तुमचं नाव घ्यायची वेळ माझ्यावर एकदाच आली, तुमच्या फोटोला हार घालताना.

आणि मुळात आपण हॉटेलात का जायला लागलो, हे तरी किती जणांना खरं वाटेल! दोघी साठीतल्या बायका, एक नवीन पनवेलची रिटायर्ड मास्तरीण आणि एक आपट्याची शेतकरीण, महिन्या-दीड महिन्याने थाई करी आणि नूडल्स खायला भेटतात, कारण एकीला दुसरीच्या घरी पाणीसुद्धा चालत नाही. मुलीला मूल होईपर्यंत मुलीच्या घरचं खायचं नाही, प्यायचं नाही. ही रीत मलाही माहीत होती. माझ्या आईनेही पाळली होती. पण माझ्या आईची सुटका माझ्या लग्नानंतर लगेच, निखिलच्या जन्माबरोबर झाली. तुमची लांबत गेली.

तुम्ही यायचात त्या दोन्ही हातांत पिशव्या घेऊन. कोलम तांदूळ, वालाच्या शेंगा, सुके सोडे, चुलीवर भाजलेल्या भाकऱ्या. सगळं माझ्या ओट्यावर मांडायचात आणि मग पदराने घाम पुसत आपल्या पिशवीतून स्टीलची बाटली काढून आपट्याहून आणलेलं पाणी प्यायचात. पंख्याखाली बसायचात, पण खुर्चीच्या अगदी कडेला, जसं काही पाठ टेकली तर तेही खाल्ल्यात धरलं जाईल. मी एकदा वैतागून म्हटलं, "आम्ही तुमचं सगळं खायचं आणि तुम्ही आमचं पाणीही नाही, हा कुठला व्यवहार?" तुम्ही शांतपणे म्हणालात, "देनाऱ्यानं द्यायचं. घेनारं मानूस अजून यायचं हाय."

पहिल्यांदा निखिलने आपल्याला तिथे नेलं ते त्यांच्या लग्नाच्या वाढदिवसाला. हॉटेल नुकतंच उघडलं होतं. तोवर पनवेलात चायनीज म्हणजे संध्याकाळी नाक्यावर लागणारी लाल पाट्यांची गाडी आणि तिच्यावरचा तो भडक तांबडा राइस. इथे मात्र कागदी कंदील, भिंतीवर बांबू, आणि मेनूकार्डात चीनपासून जपानपर्यंत सगळे देश पान उलटावं तसे. निखिल खूश होता. घरी नाही तर नाही, हॉटेलात तरी सासूबाई जेवतील, असा त्याचा हिशोब. तुम्ही खुर्चीवर बसलात आणि जाहीर केलंत, "माजा उपास हाय."

"रविवारचा? कुठल्या देवाचा?" मी विचारलं.

सायलीने टेबलाखालून मला पाय मारला. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मला कळलं होतं. जावयाच्या खिशातलं जेवणही तुम्हाला चालणार नव्हतं. मग तुम्ही वेटरला बोलावलंत, "मना काय साधा भात-बित असंल तर आन. तेचं मी देनार," आणि कमरेची पिशवी टेबलावर ठेवलीत, साक्षीदार ठेवावा तशी.

भात आला, कांद्याची पात घातलेला. निखिलने मागवलेलं बाकीचं सगळंही आलं. वेटरने रीतीप्रमाणे सगळे वाडगे मधल्या काचेवर मांडले आणि काच फिरवली. तुमचा भात माझ्यापुढे आला, निखिलची हिरवी थाई करी तुमच्यापुढे. नारळाच्या दुधाचा वास आला आणि तुमचे डोळे बदलले. तुम्ही वाकून बघितलंत. "नारलाचं दूध हाय. मंग यात मासा कं नाय?"

"आहे आई, कोलंबी आहे," सायली म्हणाली.

तुम्ही काच परत फिरवलीत. करी गेली. निखिलने गुपचूप अशी काही फिरवली की ती पुन्हा तुमच्यापुढे. तुम्ही फिरवलीत, त्याने फिरवली. मी आणि सायली तोंडावर रुमाल धरून बसलो होतो. तिसऱ्या की चौथ्या फेरीला तुम्ही काचेवर हात ठेवलात, ती थांबवलीत आणि एखाद्या सरपंचाने निकाल द्यावा तसं म्हणालात, "मधलं कुनाचंच नाय. आपल्यापुढं थांबलं का घ्यायचं." आणि ताटात करी ओतून घेतलीत. कोलंबी आधी.

माझ्या मते त्या दिवशी तुम्ही रीत मोडलीत. तुमच्या मते नाही. त्यावर आपण जे भांडलो ते शेवटपर्यंत भांडलो. बिल निखिलने आधीच काउंटरवर दिलं होतं हे तुम्हाला घरी गेल्यावर सायलीकडून कळलं आणि दुसऱ्या दिवशी तुमचा पुतण्या तांदळाची अख्खी गोण आमच्या दारात टाकून गेला. मी फोन केला, "हे काय?" तर म्हणालात, "कोलंबीचं."

मग ती आपली जागाच झाली. तुम्ही बाजाराला यायचात तेव्हा आपट्याला एसटीत बसल्यावर मला एक मिस कॉल द्यायचात. एक रिंग, कट. मी साडी बदलायची, रिक्षा करायची. दुपारी ते हॉटेल रिकामंच असायचं, तरी तुम्हाला कोपऱ्यातलं दोघांचं टेबल नको असायचं. "त्याला मधलं नाय," म्हणायचात. म्हणून आपण दोघी त्या सहा-आठ माणसांच्या गोल टेबलाशी समोरासमोर, मध्ये काच आणि काचेवर दोन वाडगे. एक तुम्ही मागवलेला, एक मी. बोलायला आवाज चढवावा लागायचा, एवढ्या लांब आपण बसायचो.

काय काय बोललो आपण तिथे! विमानतळ येणार येणार म्हणून कोन गावापासून तुमच्याकडच्या गावांपर्यंत जमिनी कुणी कुणी विकल्या. खारघरला ज्या टॉवरमध्ये माझी बहीण राहते तिथे बाल्कनीतून डोंगर दिसतो पण शेजारीण दिसत नाही. माझे गुडघे, तुमची साखर. तुम्ही मेनू माझ्याकडून वाचून घ्यायचात आणि मी वाचत असताना मध्येच, "ते रहूंद्या, तुमचा धडा झाला का मागवू," म्हणायचात. चॉपस्टिक तुम्ही एकच उचलायचात आणि बांगड्यांखाली खाजवायला घ्यायचात. वेटरसमोर मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. सुशी एकदाच मागवली, माझ्या हट्टाने. तुम्ही एक तुकडा उचलून सगळीकडून बघितलात आणि मला विचारलंत, "बाई, चूल इझली का त्यांची?"

पण एक दुपार आपण दोघीही हसलो नव्हतो. सायलीला त्या सकाळी दवाखान्यातून घरी आणलं होतं. दुसऱ्या खेपेलाही काही राहिलं नव्हतं. ती झोपली होती, निखिल तिच्याजवळ होता, आणि तुमचा मिस कॉल आला. तुम्ही घरी आलात, तिच्या केसांवरून हात फिरवलात, आपल्या बाटलीतलं पाणी प्यायलात आणि म्हणालात, "चला बाई." तिथे गेल्यावर सूप आलं आणि निवत राहिलं. काच कुणीच फिरवली नाही. मग तुम्ही म्हणालात, "मी एकवीरेला बोलून ठेवलंय. मानूस येल तवाच तुमच्या घरचं पानी." म्हणजे नुसती रीत होती तिचा तुम्ही नवस केला होता. मला तेव्हा वाद घालायचा होता, पण तुमचा चेहरा बघितला.  मी टेबलाला वळसा घालून आले आणि तुमच्या शेजारच्या खुर्चीवर बसले. वेटरने माझं ताट उचलून तिकडे आणलं. तुम्ही सरकून जागा केलीत, खुर्ची होती तरी.

विहीणबाई, तेव्हा तुम्ही आपला हात माझ्या हातावर किती वेळ ठेवला होता, ते मला आठवतं. माझा नवरा गेल्यापासून असा कुणी धरला नव्हता.

पुढे आणखी वर्षं गेली. डॉक्टर बदलले, औषधं बदलली. पोरीचे डोळे खोल गेले. आणि मग या वर्षी एका रविवारी सकाळी सायली आणि निखिल दोघं माझ्यासमोर येऊन बसले आणि म्हणाले, "आई, आम्ही थांबवतोय. बस झालं." मी म्हटलं, बरं केलंत. मनापासून म्हटलं. कित्येक महिन्यांनी सायली त्या दिवशी जेवून दुपारी शांत झोपली. संध्याकाळी उठून तिने गाणं लावलं.

आपल्या शेवटच्या भेटीत मी तुम्हाला हेच सांगायला बसले होते. तुम्हाला सायलीने फोनवर सांगितलेलं होतंच. तुम्ही नूडल्स मागवल्या होत्या, भाज्यांच्या, कारण गुरुवार होता. मी म्हटलं, "पोरीने सोडलं, विहीणबाई. आता तुम्हीही सोडा. घरी जेवायला या. मी पानात गरम वाढते."

तुम्ही मान हलवलीत. "मी सोडलं तर देवाला वाटंल आईनं आशा सोडली."

"आणि तुम्ही नाही सोडलं तर पोरीला काय वाटेल?" माझा आवाज चढला, आणि लांब बसलो होतो म्हणून नव्हे. "तुम्ही घरी येता, ती बाटली टेबलावर ठेवता. तिला त्या बाटलीत काय दिसत असेल? आम्ही कुणी तिला एका शब्दाने बोलत नाही. तुमची बाटली बोलते. प्रत्येक घोटाला सांगते, की अजून झालं नाही."

हे मी बोलले. आजही मला वाटतं की मी बरोबरच बोलले. फक्त तुमचा चेहरा असा होईल हे मला माहीत नव्हतं. तुम्ही बाटलीकडे बघितलंत, तिचं झाकण उघडलं होतं ते हळूहळू फिरवून घट्ट लावलंत आणि पिशवीत टाकलीत. तुमच्या वाट्याचे पैसे ठेवलेत. "माजी गाडी जाल," एवढंच म्हणालात. जिन्यावरून तुम्ही खाली उतरलात, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. नूडल्सचा वाडगा काचेवर तसाच होता, माझ्या आणि तुमच्या बरोबर मध्ये. टाकवत नाही म्हणून मी त्या बांधून घेतल्या आणि घरी आणून फ्रीजमध्ये ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी मी खारघरला बहिणीकडे गेले होते. संध्याकाळी आले तर नूडल्सचा डबा धुऊन पालथा घातलेला. सायलीला त्या दिवशी सुट्टी होती, तिनेच खाल्ल्या असतील असं मी धरून चालले. मी तुम्हाला फोन करणार होते. मग वाटलं, चार दिवस जाऊ देत, तुमचाच मिस कॉल येईल. आधी फोन कोणी करायचा यातही विहिणींचा मान आडवा येतो बघा. आणि मग फोन आला तो तुमच्या पुतण्याचा, तुम्ही दुपारी पडवीत आडव्या झालात त्या उठल्याच नाहीत म्हणून.

मी रडले, पण खरं सांगू? मला तुमचा रागही आला. भांडण अर्धं टाकून कुणी असं जातं?

दहाव्याला पाताळगंगेच्या काठी आम्ही सगळे उभे होतो. पिंड ठेवला, माणसं मागे सरली. मी मनाशी ठरवून आले होते. कावळा शिवणार नाही, हे मला ठाऊकच होतं. एवढा मोठा नवस अर्धा राहिलेली बाई! सगळे अंदाज बांधतील, शेताचं बोलतील, पुतण्याच्या लग्नाचं बोलतील. मग मी पुढे होऊन म्हणणार होते, की सायलीचं काही कमी पडू देणार नाही, मूल असो नसो, ती माझीच आहे, तुम्ही निवांत जा. वाक्य पाठ केलं होतं मी, शाळेच्या भाषणासारखं. आणि माणसं पुरती मागेही सरली नव्हती तर कावळा आला, शिवला, आणखी दोन आले. "भाग्याची होती. काय पन इच्छा राहिली नवती," तुमची जाऊबाई म्हणाली. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. माझं वाक्य माझ्या तोंडात राहिलं. मला इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं. म्हणजे तुमचं माझ्याशी काहीच बाकी नव्हतं? मी वाटेत एवढी आडवी पडून भांडत होते ते कुणाशी?

परवा सायली तुमच्या घरून आणलेल्या चार वस्तू माझ्या ओट्यावर काढत होती. त्यात ती बाटली होती. ती घासताना सायली एकदम थांबली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई, एक सांगायचं राहिलंय. तिने सांगू नको म्हटलं होतं."

तुम्ही आला होतात. आपलं भांडण झालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी, मी खारघरला असताना. बाजार नाही, पिशव्या नाहीत, रिकाम्या हाताने. सायली म्हणाली, तुम्ही सरळ स्वयंपाकघरात आलात, खुर्चीवर बसलात, पाठ टेकून, आणि म्हणालात, "भूक लागली. काय हाय?"

ती घाबरलीच. तिला वाटलं, तुमची साखर उतरली. ती कणीक मळायला धावली, शिरा करते म्हणाली. तुम्ही तिला थांबवलंत. "ते कालचं हाय का? आमच्या दोघींचं?" तिने नूडल्स गरम करून दिल्या. आमच्या ताटात. तुम्ही हाताने खाल्ल्यात, शेवटच्या तुकड्यापर्यंत, आणि मग ताट पुढे सरकवून तिला म्हणालात, "आता पानी दे."

"आई, तुझी बाटली?" तिने विचारलं. बाटली तुमच्या मांडीवरच होती, भरलेली.

"रहूंदे ती. तुज्या घरचं दे."

सायली सांगत होती तेव्हा तिचे हात पाण्यात होते आणि नळ चालूच होता. मी तो बंद केला. ती म्हणाली, तुम्ही तांब्या एका दमात रिकामा केलात, तोंड पुसलंत, तिचा चेहरा दोन्ही हातांत धरलात आणि म्हणालात, "गोड हाय गो." बस. नवसाचं नाही, मुलाचं नाही, दुसरं एक अक्षर नाही. आणि जाताना दारात चपला घालत, "बाईंना सांगू नको हां. डोक्यावर बसतील."

बसणारच आहे. म्हणून तर काल तिथे गेले होते. तुमची खुर्ची समोर होती, काच मध्ये होती, आणि माझ्याकडे उत्तर तयार होतं. तुम्ही काय म्हणाल हे मला माहीत आहे. म्हणाल, त्या नूडल्स हॉटेलातल्या, काचेवर राहिलेल्या, मधल्या. त्या खाल्ल्या तर बिघडलं काय? बरं. ते मी तुम्हाला दिलं. इतकी वर्षं मान्य केलं नाही ते आज करते. मधलं कुणाचंच नाही.

पण पाणी आमच्या माठातलं होतं, विहीणबाई. तो रोज सकाळी मी भरते.